मुलाचं दुःख बघवत नाही तेव्हा

रात्रीचे साडेनऊ. चौदा वर्षांची मुलगी खोलीच्या दारात उभी राहून म्हणते, "मी उद्या शाळेत जाणार नाही." पुढच्या दोन सेकंदांत आईच्या तोंडून बहुतेक वेळा चारपैकी एक उत्तर येतं. "काही होत नाही गं, जाशील." किंवा "आमच्या वेळी असली थेरं नव्हती." किंवा "कोण काय बोललं तुला? थांब, तिच्या आईलाच फोन लावते." किंवा "बरं, नको जाऊस. झोप आता."

पहिलं उत्तर समजुतीचं, दुसरं कडक, तिसरं धडाडीचं, चौथं मायेचं. पण चारही उत्तरं एकच काम करतात. मुलीचं वाक्य कानावर पडताच आईच्या पोटात जो गोळा आला, तो लवकरात लवकर घालवतात. मुलीच्या पोटात काय आहे ते चारही वेळा विचारायचं राहून जातं.

आईचा मानसिक ताठरपणा आणि किशोरवयीन मुलांच्या भावनिक अडचणी यांचा संबंध समजून घ्यायचा, तर या दोन सेकंदांपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. "ताठर" म्हटलं की करड्या शिस्तीची, आवाज चढवणारी आई डोळ्यांपुढे येते. इथे तो अर्थ नाही. हळू आवाजात बोलणारी, मुलांवरून जीव ओवाळून टाकणारी आईसुद्धा या अर्थाने ताठर असू शकते. उलट, नियमांची पक्की असलेली आई चांगली लवचिक असू शकते.

ही कल्पना आली आहे ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी या मानसोपचार पद्धतीतून, म्हणजे थोडक्यात "ॲक्ट"मधून. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून ती घडवत आणली. नकोशी भावना, नकोसा विचार, छातीतली धडधड हे सगळं आत चालू असतानाही आपल्याला जे महत्त्वाचं वाटतं ते करता येणं, ही मानसिक लवचिकता. ते सगळं आधी घालवल्याशिवाय पाऊलच उचलता न येणं, हा ताठरपणा. ॲक्टमध्ये ताठरपणाचे सहा पैलू सांगितलेले आहेत: नकोसा अनुभव टाळणं, विचाराला चिकटून बसणं, वर्तमानातून निसटणं, "मी अशीच" या प्रतिमेला धरून राहणं, काय महत्त्वाचं आहे तेच धूसर होणं, आणि त्यामुळे एकतर हातपाय गाळणं नाहीतर उतावळेपणाने काहीतरी करून बसणं. आईपणात पहिले दोन सर्वांत जास्त त्रास देतात, म्हणून त्यांच्याकडे नीट पाहू.

टाळण्याची गोम अशी, की ते तात्पुरतं यशस्वी होतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांचा १९८७ मधला प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असेल. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. नंतर "आता खुशाल विचार करा" असं सांगितल्यावर, ज्यांनी आधी विचार दाबला होता त्यांच्या मनात ते अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. आई स्वतःची भीती अशीच दाबते, आणि तिच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. भीती जागवणारी गोष्ट बाहेर आहे, समोर उभी आहे, चौदा वर्षांची आहे. मग आई भीती दाबायला जाते आणि बंद होतं ते मुलीचं तोंड.

दुसरं, विचाराला चिकटून बसणं. मुलगा दोन दिवस मित्रांकडे गेला नाही. आईच्या मनात येतं, "हा एकटा पडणार." हा अंदाज आहे. पण मन तो बातमीच्या आवाजात वाचून दाखवतं, आणि आई बातमी आल्यासारखी वागते: प्रश्नांची सरबत्ती, शेजारच्या मुलाचं उदाहरण, कुठल्यातरी शिबिरात नाव घालणं. अंदाज आणि बातमी यांतला फरक जितका पुसट, तितकं मुलाकडे प्रत्यक्ष बघणं कमी. "माझंच कुठेतरी चुकलं" हा विचार याच जातीचा, आणि माझ्या पाहण्यात तो सर्वांत चिवट. तो चिकटला की मुलाचं रडणं हे मुलाचं रडणं उरत नाही. आईच्या गुणपत्रिकेवरचा शेरा होतं. मग ते थांबवणं भागच पडतं.

हे मुलांपर्यंत पोहोचतं कसं? पालकांकडून मुलं भावना हाताळायला कशी शिकतात याची मांडणी साधारण तीन वाटांनी केली जाते: बघून, भावना व्यक्त केल्यावर मिळणाऱ्या प्रतिसादातून, आणि घरातल्या एकूण हवेतून. आई स्वतः रडू आलं की भांडी आवरायला घेते, चिडली की दोन दिवस बोलत नाही, यातलं काहीच शिकवण म्हणून सांगितलेलं नसतं, तरी शिकलं जातं.

पण खरी गुंतागुंत प्रतिसादाच्या वाटेवर आहे. मुलीने शाळेचा विषय काढला, आईने "काही होत नाही" म्हटलं, मुलगी गप्प झाली. आईच्या पोटातला गोळा गेला. जे केल्यावर त्रास थांबतो ते पुन्हा करण्याकडे माणसाचा कल होतो. म्हणजे मुलीचं गप्प होणं हे आईसाठी बक्षीस ठरलं. मुलीलाही धडा मिळाला: सांगितलं की वजन हलकं होत नाही, वर आईचा चेहरा उतरतो. चौथ्या उत्तराचंही तेच. "नको जाऊस" म्हटल्यावर दोघींना हायसं वाटतं आणि परवा शाळा उद्यापेक्षा अवघड होते, कारण भीती खोटी ठरण्याची संधी गेली. असं पाच-सात वेळा झालं की घरात एक न बोललेला करार तयार होतो. मुलगी वाईट बातमी आणत नाही, आई शांत राहते. बाहेरून पाहणाऱ्याला हे घर सुखी दिसतं.

किशोरवयात याची किंमत वाढते. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हा वयोगट किशोरवय मानते आणि तिच्या आकडेवारीनुसार या वयातल्या साधारण सातपैकी एकाला कुठला ना कुठला मानसिक विकार असतो. भावनांचा जोर वाढलेला असतो, त्यांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र विशी ओलांडल्यावरही घडतच असतो. लहान मूल दुखलं की धावत येतं. पंधरा वर्षांचा मुलगा आधी हिशोब करतो, सांगून काय होईल? "आईला सांगितलं की नंतर आईलाच सांभाळावं लागतं" असं ज्याच्या हिशोबात येतं, तो सांगत नाही. मग तो स्वतःची चिंता स्वतःच दाबायला लागतो, म्हणजे तेच पांढरं अस्वल, पुढच्या पिढीत.

आणि दाबलेली चिंता "चिंता" म्हणून दिसत नाही. रॉबर्ट गुडमन यांची १९९७ मधली २५ विधानांची एक प्रश्नावली संशोधनात आजही भरपूर वापरली जाते. तिच्यात भावनिक त्रासासाठी पाच विधानं आहेत. त्यांचा आशय असा: वारंवार डोकं किंवा पोट दुखणं, खूप काळज्या, बहुतेक वेळ उदास किंवा रडवेलं असणं, नव्या ठिकाणी घाबरणं, अनेक गोष्टींची भीती. यात पहिला नंबर शरीराचा आहे याकडे लक्ष द्या. दर रविवारी संध्याकाळी पोटात दुखत असेल आणि डॉक्टरांना तपासण्यांत काही सापडत नसेल, तर ते दुखणं खरं आहे, नाटक नाही. त्याला दुसरी भाषा मिळालेली नाही, इतकंच.

आता पुराव्याबद्दल, कारण इथे आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं फार सोपं आहे आणि ते पूर्वी झालेलं आहे. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई अशा अर्थाचा शब्द वापरला. पुढे ऑटिझमसाठी "थंड आई"ला जबाबदार धरलं गेलं. दोन्ही कल्पना चुकीच्या ठरल्या, पण तोपर्यंत कितीतरी आयांनी ते ओझं वाहिलं. म्हणून सांगते, आईचा ताठरपणा आणि मुलांचा भावनिक त्रास यांत संबंध दिसतो याचा अर्थ आईमुळे त्रास झाला असा होत नाही. चिंतेकडे कल काही अंशी आनुवंशिक असतो. आई आणि मूल दोघांतही तो एकाच मुळातून आलेला असू शकतो. शिवाय उलटा प्रवाहही आहे. ऑस्ट्रेलियातल्या पाच शाळांमधल्या ७४९ मुलांचा सातवीपासून सहा वर्षं पाठपुरावा करणारा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना सातवीत पालक हुकूमशाही वाटत असतील, म्हणजे जिव्हाळा कमी आणि नियंत्रण जास्त, तर पुढे त्या मुलांची मानसिक लवचिकता कमी आढळली. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की नववीत जी मुलं जास्त लवचिक होती, त्यांच्या पालकांचा हुकूमशाहीपणा बारावीपर्यंत कमी झाला. म्हणजे मूलही आईला घडवत असतं. रोज दार आपटणाऱ्या मुलासमोर लवचिक राहणं हे शांत मुलासमोर राहण्याइतकं सोपं नाही, हे मान्य करायलाच हवं.

मोजमापाचीही एक अडचण आहे. ताठरपणा मोजायला सर्रास वापरली जाणारी सात विधानांची प्रश्नावली, जिचे गुण ७ ते ४९ मध्ये येतात, ती ताठरपणापेक्षा एकूण मानसिक त्रासच जास्त मोजते अशी टीका झालेली आहे आणि मला ती रास्त वाटते. इंटरनेटवर ती भरून "माझे गुण ३१ आले, मी वाईट आई" असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. आणि अभ्यासांत आयाच का जास्त? बऱ्याचदा प्रश्नावली भरून द्यायला त्याच येतात म्हणून. खाली जे सांगते ते बाबांना, आजीला, मुलासोबत राहणाऱ्या कुणालाही तितकंच लागू आहे.

एका गोष्टीने मात्र मला फार धीर येतो. येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी चिंताविकार असलेल्या ७ ते १४ वयोगटातल्या १२४ मुलांवर एक चाचणी केली. २०२० मध्ये ती छापून आली. एका गटात मुलांवर थेट उपचार केले, दुसऱ्या गटात मूल उपचारकाकडे आलंच नाही, फक्त पालकांबरोबर काम केलं. पालकांचा गट मागे पडला नाही. आईने स्वतःचा प्रतिसाद बदलला तर मुलाची चिंता बदलू शकते. हे दोषाचं उलटं टोक आहे: इथे आईच्या हातात काहीतरी आहे.

काय आहे, ते आता सविस्तर.

पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त नोंद करायची. एक वही, पाच रकाने. मूल काय म्हणालं, शब्दशः. माझ्या शरीरात कुठे काय झालं. माझ्या मनात कोणतं वाक्य आलं. मी काय केलं. पाचवा रकाना दोन दिवस रिकामा ठेवायचा: मुलाने तो विषय स्वतःहून पुन्हा काढला का? दिवसाला एक-दोन नोंदी पुरतात, आणि प्रसंगानंतर तासाभरात लिहिलेल्या बऱ्या, कारण रात्रीपर्यंत आपण स्वतःची बाजू मांडायला लागतो. "तो उद्धट बोलला" असं लिहिलं तर नोंद फुकट. "तो म्हणाला, मला एकटं सोड" असं हवं. ही वही मुलाला दाखवायची नाही, त्याच्याबद्दलचा पुरावा म्हणून तर कधीच वापरायची नाही. आठवड्याच्या शेवटी तिसऱ्या रकान्यावरून नजर फिरवली की बहुतेक जणींना दोन-तीनच वाक्यं पुन्हा पुन्हा आलेली दिसतात. ती आपली खास वाक्यं.

दुसऱ्या आठवड्यापासून त्या दोन सेकंदांचे दहा करायचे. मूल बोललं की पाय जमिनीवर टेकलेले आहेत हे जाणवून घ्यायचं, एक श्वास चारच्या मोजणीत आत, सहाच्या मोजणीत बाहेर. मनात म्हणायचं, "मला आत्ता भीती वाटतेय." आणि त्या खास वाक्याच्या आधी सहा शब्द जोडायचे: "माझ्या मनात असा विचार येतोय की हा एकटा पडणार." विचार खोटा ठरवायचा नाही, त्याच्याशी वाद घालायचा नाही. फक्त बातमीचा पुन्हा अंदाज होऊ द्यायचा. इथे एक चूक नेहमी होते. श्वास घेतल्यावर भीती गेली नाही की "जमत नाही" म्हणून सोडून दिलं जातं. भीती घालवण्यासाठी श्वास घेतला तर तेही टाळणंच झालं. भीती असू दे. ती असताना तोंडून काय निघतं, तेवढंच बघायचं आहे. हा सराव आधी किरकोळ प्रसंगांवर करावा, ओला टॉवेल पलंगावर टाकला असल्या. पोहणं कुणी पुरात शिकत नाही.

मग उत्तर. एक वाक्य, जे दिसलं तेवढंच: "उद्याचं नावच नको वाटतंय तुला." आणि मग गप्प. पाच-सहा सेकंदांची शांतता आईला पाच मिनिटांची वाटते, पण बरीचशी मुलं खरं कारण तिच्यानंतरच सांगतात. सांगितलं तर पुढचा प्रश्न: "नुसतं ऐकू, की काही सुचवू?" पंधरा वर्षांची मुलं बऱ्याचदा "नुसतं ऐक" म्हणतात, तसं म्हटलं तर खरंच नुसतं ऐकायचं, शेवटी एक सल्ला चिकटवायचा नाही. "तुला राग आलाय असं दिसतंय" हे वाक्य पुस्तकी सुरात तीनदा म्हटलं की मुलं चिडतात, आणि बरोबर चिडतात. तुमच्या नेहमीच्या बोलीत म्हणा. समोरासमोर बसून डोळ्यांत बघत विचारण्यापेक्षा शेजारी शेजारी असताना, चालताना, गाडीत, कपडे घड्या घालताना या मुलांना बोलणं सोपं जातं. शाळेतून पाय आत टाकल्या टाकल्या "कसा गेला दिवस?" हा सर्वांत वाईट मुहूर्त.

आता सर्वांत जास्त गोंधळ होतो तो मुद्दा. भावना मान्य करणं म्हणजे मागणी मान्य करणं नव्हे. "भीती वाटतेय ते खरं आहे" आणि "म्हणून शाळा नको" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, पहिल्याला हो म्हणताना दुसऱ्याला नाही म्हणता येतं. लेबोविट्झ यांच्या पद्धतीत पालकांना एकाच दमात दोन गोष्टी सांगायला शिकवतात: तुझं अवघड आहे हे मला कळतंय, आणि तू हे झेलू शकशील यावर माझा विश्वास आहे. पहिली एकटी असेल तर मूल नाजूक ठरतं, दुसरी एकटी असेल तर एकटं पडतं. अर्थात शाळेत कुणी छळत असेल, मारत असेल, तर सहन करायला शिकवण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे मोठ्या माणसाने मध्ये पडायचं असतं. म्हणून आधी कारण ऐकायचं.

मुलाच्या चिंतेपायी आपण रोज काय काय करतो याची एक यादी करा. त्याच्या वतीने फोन करणं, दर तासाला "सगळं ठीक आहे ना" या त्याच्या मेसेजला "हो" पाठवणं, झोप लागेपर्यंत शेजारी बसणं. यातली एकच गोष्ट निवडा, रोज घडणारी पण सर्वांत मोठी नसलेली. शांत वेळी आधी सांगा: "सोमवारपासून मी त्या मेसेजला दिवसातून दोनदा उत्तर देईन, दुपारी एकला आणि चारला." भांडणाच्या भरात कधीच जाहीर करू नका. पहिले काही दिवस मेसेज वाढतील, कदाचित रडारड होईल. आधी मिळत होतं ते मिळेनासं झालं की मागणीचा जोर आधी चढतो, मग उतरतो. बहुतेक घरांत इथेच माघार घेतली जाते, आणि मुलाला कळतं की पुरेसा जोर लावला तर दार उघडतं. त्यापेक्षा सुरुवातच न केलेली बरी. म्हणून दमलेल्या, आजारी, परीक्षेच्या आठवड्यात सुरू करू नका.

तोल जाणार, ओरडणं होणार. मानसशास्त्रज्ञ एड ट्रोनिक यांनी आई आणि तान्ह्या बाळांच्या निरीक्षणांतून दाखवलं, की चांगल्या जोड्यांमध्येही बराच वेळ सूर जुळलेला नसतो. निसटलेला सूर पुन्हा जुळवण्याने नातं भक्कम होतं. किशोरवयात ती जुळवणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावी आणि तिच्यात "पण" नसावा. "मी घाबरले आणि तुझ्यावर ओरडले. तुझं ऐकून घ्यायला हवं होतं." एवढंच. "पण तूही…" आलं की माफी रद्द. आणखी एक: मोकळेपणा म्हणजे स्वतःच्या सगळ्या चिंता मुलासमोर ओतणं नव्हे. "मला आज टेन्शन आहे, मी जरा फिरून येते" हे त्याला कळलं तर चालतं, कळावंही. पण ते कमी करण्याची जबाबदारी त्याच्या अंगावर पडायला नको. त्यासाठी आईला दुसरं मोठं माणूस हवं, मैत्रीण, बहीण किंवा समुपदेशक. एकटीने, झोप न मिळता, घरातलं सगळं ओढत असताना कुणाकडून लवचिकतेची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

घरच्या प्रयत्नांवर थांबून राहू नये अशाही वेळा असतात. उदासी किंवा चिडचिड दोन आठवड्यांहून अधिक रोज टिकली, झोप किंवा खाणं पार बिघडलं, शाळा पूर्ण सुटली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या, "मी नसतो तर बरं" अशी भाषा आली, तर त्याच दिवशी भेटा आणि तोवर मुलाला एकटं सोडू नका. "मरून जावंसं वाटतं का?" असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. विचारायला जीभ रेटत नाही, कारण उत्तराची भीती वाटते. इथेही तो दहा सेकंदांचा श्वास घ्या आणि विचारा.

सहा ते आठ आठवड्यांनी वही पुन्हा उघडा. रडणं कमी झालं का हे मोजू नका. सुरुवातीला ते वाढलेलंही दिसेल, कारण जे बंद दाराआड होत होतं ते आता तुमच्यासमोर होतंय. पाचवा रकाना बघा. पहिल्या आठवड्यात तिथे ओळीने "नाही" असतील. नंतरच्या पानांवर कुठेतरी "हो, जेवताना", "हो, दिवा मालवल्यावर" असं दिसू लागतं.